कादंबरी मांडवाशी थांबते

मराठीतल्या प्रेमाच्या कादंबऱ्या बहुधा लग्नाच्या मांडवापाशी येऊन थांबतात, आणि मराठीतल्या बायकांच्या आठवणी बहुधा त्याच मांडवातून बाहेर पडतात. एकीत प्रेम असते पण संसार नसतो. दुसरीत संसार असतो आणि प्रेम शोधून काढावे लागते. यंदाच्या पावसाळ्यात मी ही दोन्ही प्रकारची पुस्तके एकाआड एक वाचली. चातुर्मासात कोणी एकभुक्त राहते, कोणी कांदालसूण सोडते. मी हा नेम धरला म्हणा ना! एक कादंबरी, मग एक आत्मचरित्र, की पुन्हा कादंबरी. आश्विन लागेपर्यंत माझ्या ध्यानात आले, की ह्या दोन निराळ्या जातीच्या गोष्टी नाहीतच. एकाच गोष्टीचा हा पूर्वार्ध आणि हा उत्तरार्ध. आणि त्या गोष्टीला चांगला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो सनावळीसकट सांगावा, म्हणून हा लेख.

आधीच सांगून टाकते, मी पंडित नव्हे. मॅट्रिकनंतर कॉलेजची पायरी मी चढले नाही. मुलांना शिकवीत आले आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहीत आले. टीकाकारांची परिभाषा माझ्यापाशी नाही. एका वाचणाऱ्या बाईची मते, एवढीच ह्या लेखाची योग्यता समजावी.

मराठी कादंबरीचा आरंभ बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'पासून, म्हणजे १८५७ सालापासून धरतात. ह्या पहिल्याच कादंबरीची नायिका लग्न झालेली आहे. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते. पुढे तिच्यावरच तो प्रसंग येतो. चार वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची 'मुक्तामाला' निघाली. तिथेही नायिका विवाहित. पतीची ताटातूट, दुष्टांचा जाच आणि अखेर गोड पुनर्भेट. लग्नाआधीच्या प्रेमाचे नाव नाही. ते प्रेम मराठी कादंबरीत आले ते राजवाड्यांतून, उपवनांतून, राजपुत्र आणि राजकन्या ह्यांच्या वेषात. 'मंजुघोषा' ही त्या पंथाची प्रसिद्ध कादंबरी. नारो सदाशिव रिसबूड ह्यांनी ती १८६८ साली लिहिली.

ह्या कादंबऱ्यांना आपण आज हसतो. रत्नखचित मंचक, पानभर लांबीची विशेषणे, पहिल्या दृष्टिभेटीत येणाऱ्या मूर्च्छा! मीही हसले. पण 'मंजुघोषे'ची प्रस्तावना वाचली आणि हसू थांबले. रिसबुडांनी तिथे आपली अडचण मोकळेपणाने मांडली आहे. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की आम्हा हिंदू लोकांच्या लग्नाच्या चालीच अशा आहेत की आमच्या रोजच्या आयुष्यात कादंबरी लिहिण्याजोगे काही घडतच नाही. जे घडते ते लिहिले तर वाचकाचे मन रमायचे नाही. म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहायचा तर अद्भुताकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही.

वाचकहो, ही तक्रार नीट ध्यानात घ्या. नवऱ्याचे वय पंधरा आणि नवरीचे नऊ, दोघांची गाठ घालायची ती वडील माणसांनी, आणि तीही पत्रिका, हुंडा आणि कूळ पाहून. मग कादंबरीकाराने प्रेम बसवायचे कुठे? मुलगी परकर सावरीत सागरगोटे खेळत असते तोच तिच्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या जातात. प्रेमात पडायला माणसाला थोडा मोकळा काळ लागतो. बाळपण सरले आहे आणि मांडव अजून पडलेला नाही, असा काळ. त्या वेळच्या मुलीच्या आयुष्यात तो काळच नव्हता. शिधाच नाही तर स्वयंपाकीण काय रांधणार? तिने राजाच्या मुदपाकखान्यातून उसनवारी केली, तर तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

आता दैवाची मौज पाहा. आमच्या आयुष्यात लिहिण्याजोगे काही घडत नाही असे रिसबुडांनी लिहिले, आणि पुऱ्या सोळा वर्षांनी, १८८४ साली, मुंबईच्या हायकोर्टात असा एक दावा दाखल झाला की साऱ्या हिंदुस्थानाने आणि विलायतेनेही कान टवकारले. रखमाबाईचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी झाले होते. ती सासरी नांदायला गेलीच नव्हती. वयात आल्यावर तिने सांगितले, की माझ्या संमतीवाचून झालेले हे लग्न मी मानीत नाही. नवऱ्याने कोर्टात धाव घेतली. पहिला निकाल रखमाबाईच्या बाजूने लागला, पण १८८७ साली कोर्टाने फर्मावले की नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली! अखेर १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पुढे सुरत, राजकोट इकडे रुग्णांची सेवा केली. ह्याहून अद्भुत असे 'मंजुघोषे'त काय आहे? मात्र ह्या गोष्टीत राजपुत्र नव्हता. एक मुलगी होती, आणि आपल्याला विचारले का नाही, एवढाच तिचा प्रश्न होता.

*

हे झाले कोर्टातले. घराच्या माजघरात काय चालले होते, ते कळायला आठवणींची पुस्तके उघडावी लागतात.

रमाबाईंचे लग्न महादेव गोविंद रानडे ह्यांच्याशी १८७३ साली झाले. त्यांचे वय अकराच्या सुमाराचे, रानड्यांचे एकतीस. नवरदेव बिजवर, शिकलेले, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून लहान मुलीशी लग्न करावे लागले म्हणून मनातून खिन्न. मुलीला अक्षरओळख नाही. बाईने वाचले तर तिला वैधव्य येते अशी त्या काळची समजूत. अशा ह्या जोडप्याचे सहजीवन कशाने सुरू झाले? पाटीने. रानडे पत्नीला अक्षरे गिरवायला शिकवू लागले. पुढे मराठी वाचन, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी टोमणे मारमारून त्या पोरीचा जीव नकोसा केला. दिवसा खाली बायकांचे बोलणे खायचे आणि रात्री वर धडा म्हणून दाखवायचा, असा तिचा दिनक्रम.

रमाबाईंनी हे सारे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' ह्या पुस्तकात लिहिले. ते प्रसिद्ध झाले १९१० साली, रानडे जाऊन नऊ वर्षे झाल्यावर. पुस्तकाच्या नावातला 'आमच्या' हा शब्द मला फार बोलका वाटला. 'माझ्या' म्हणण्याचा धीर त्या काळच्या बाईला नव्हता आणि 'त्यांच्या' म्हणून स्वतःला पुसून टाकावे हेही रमाबाईंना मान्य नव्हते. पाटीवर अक्षरे काढताकाढता दोन माणसे एकमेकांना कशी जवळची झाली, ते ह्या पुस्तकात जसे दिसते तसे त्या काळच्या एकाही कादंबरीत मला दिसले नाही. तरी खरे मत सांगायचे तर मधूनमधून मी वैतागले. रानडे सदा गुरूच्या आसनावर, रमाबाई सदा शिष्या! एकदा तरी ह्या बाईने पाटी खाली ठेवावी आणि कडकडून भांडावे, असे वाटत राहिले. पण हा दोष पुस्तकाचा म्हणावा की काळाचा? ज्या हाताने पाटी दिली, त्या हाताशी भांडणे सोपे नसते.

ह्या ठिकाणी कादंबरीने एक विलक्षण गोष्ट केली, आणि तिचे श्रेय हरिभाऊ आपटे ह्यांना दिले पाहिजे. १८९० साली त्यांनी 'करमणूक' पत्र सुरू केले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः लिहायला घेतली. ही कादंबरी यमुना नावाच्या मुलीने स्वतः सांगितलेल्या हकीकतीच्या रूपात आहे. म्हणजे पाहा, रमाबाईंच्या आठवणी छापून येण्याच्या वीस वर्षे आधी, सव्वीस वर्षांचा एक पुरुष बाईच्या आठवणी लिहायला बसला! आणि लिहितो कसा? माहेरचे अंगण, सासरचा धाक, भावाची माया, सारे जसेच्या तसे. त्यातला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे यमू नवऱ्याबरोबर मुंबईला बिऱ्हाड करते तो. मोठ्या घरापासून दूर, दोघेच. वाचावे, बोलावे, हसावे. मराठी कादंबरीतले पहिले खरे प्रेम मी इथे वाचले असे म्हणेन, आणि ते लग्नानंतरचे आहे. पुढे रघुनाथ जातो, यमूचे केशवपन होते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढची पाने अंधुक होतात. रिसबुडांना जे आपल्या आयुष्यात सापडत नव्हते ते हरिभाऊंना सापडले, कारण ते वाड्याच्या दिवाणखान्यात शोधायला गेले नाहीत. माजघराच्या उंबऱ्याशी बसून त्यांनी कान दिला.

रमाबाईंबद्दल माझी जी तक्रार, ती लक्ष्मीबाई टिळकांनी पुरती फेडली. 'स्मृतिचित्रे' १९३४ सालापासून भागाभागांनी बाहेर आली. नारायण वामन टिळक हे कवी, मनाने थोर, आणि व्यवहारात असे की पैसा हातात आला की कुठे गेला ते देवालाही कळू नये. त्यांच्याशी लक्ष्मीबाई भांडतात, रुसतात, त्यांची फजिती रंगवून सांगतात आणि त्याच दमात स्वतःचीही. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या ह्या बाईवर आकाश कोसळले. पाच वर्षे ताटातूट झाली. मुलाला घेऊन, नातलगांच्या आधाराने दिवस काढावे लागले. मग त्या नवऱ्याकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनीही तो धर्म घेतला. पतीच्या मागून मुकाट गेल्या असे मात्र कोणी समजू नये. जातपात आणि विटाळ ह्यांचा विचार त्या स्वतःच्या मनाशी करतात, एकेक गाठ स्वतः सोडवतात, आणि मग पाऊल टाकतात. टिळक अर्धवट टाकून गेलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरे केले. धर्म कोणता, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. ज्या नवऱ्यावर इतके रागावावे आणि ज्याला इतके हसावे, त्याच्यावरच इतके प्रेम करावे, ही गोष्ट मराठीत दुसऱ्या कोणी इतक्या साध्या शब्दांत सांगितलेली नाही.

आणखी एक जोडी सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. धोंडो केशव कर्वे ह्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई ह्या बालविधवेशी पुनर्विवाह केला. ह्या गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुढे आनंदीबाई, सर्वांच्या बाया. ह्या लग्नापायी मुरुड गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला. कर्व्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली निघाले आणि बायांचे 'माझे पुराण' १९४४ साली. एकाच संसाराच्या ह्या दोन वह्या शेजारी ठेवून वाचाव्यात. कर्व्यांच्या वहीत संस्थेचा हिशेब आहे. बायांच्या वहीत, संस्थेला सारे दिल्यावर घरात काय उरले त्याचा. मिळकत गेली, आयुष्याचा विमाही गेला. मुलांच्या तोंडात काय घालायचे, हे बायांनी पाहायचे! थोर माणसाशी लग्न करणे म्हणजे काय, ते कळायला हे छोटे पुस्तक पुरेसे आहे. आणि तरीही बायांच्या लिहिण्यात कडवटपणाचा लवलेश नाही. धुण्याभांड्यांच्या पसाऱ्यात उभे राहून एखादी खमकी आजी बोलावी, तसा त्यांचा स्वर आहे.

*

आता तो मोकळा काळ मुलींच्या आयुष्यात केव्हा आला, ते पाहू. तो आपोआप आला नाही. पुण्याला हुजूरपागेची शाळा १८८४ साली सुरू झाली. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, आणि दहाचे वय बारावर नेण्यासाठी केवढे रणकंदन माजले! १९१६ साली कर्व्यांनी महिलांचे विद्यापीठ काढले. हरबिलास सारडा ह्यांच्या खटपटीने १९२९ साली कायदा झाला, तो १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचे लग्नाचे वय निदान चौदा आणि मुलाचे अठरा ठरले. शहरातल्या सुशिक्षित घरांत मुली त्याहूनही थांबू लागल्या, कॉलेजात जाऊ लागल्या.

आणि नेमक्या ह्याच सुमारास ना. सी. फडके आले. 'जादूगार' १९२८ साली, 'दौलत' १९२९ साली, 'अटकेपार' १९३१ साली. हा योगायोग नव्हे. साठ वर्षे मराठी कादंबरीला हवा असलेला शिधा आता कुठे बाजारात आला होता. फडक्यांनी तो सर्वांआधी उचलला. कॉलेजातली तरुण मुलगी, भेटीगाठी, गैरसमज, विरह, आणि शेवटी मीलन. आजही ही पुस्तके हातात घेतली की खाली ठेववत नाहीत. वाक्य कसे लोण्यासारखे सरकते! कादंबरी लिहिणाऱ्याने त्यांच्याकडून गोष्टीची बांधणी शिकावी. मी थोडीफार शिकले. पण वाचताना माझ्या मनात भलतेच प्रश्न येत. ह्या घरात चहा होतो, तो करतो कोण? ह्या नायिकेची आई दुपारी काय करते? फडके ह्यांना ते सांगायचेच नव्हते. त्यांना तो मोकळा काळ तेवढा रंगवायचा होता आणि तो त्यांनी असा रंगविला, की महाराष्ट्रातल्या किती तरी मुलींना आपल्याही वाट्याला तो यावा असे प्रथमच वाटले असेल. हे काम लहान नव्हे.

पण त्या काळाची दुसरी बाजू १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' मधून पुढे आली. विभावरी शिरूरकर हे नाव घेऊन मालतीबाईंनी ह्या कथा लिहिल्या आणि पुण्यामुंबईत वादळ उठले. शिकलेली, मिळवती मुलगी. घरच्यांना तिचा पगार हवा आहे, पण तिचे लग्न व्हावे अशी निकड कोणालाच नाही. तिला मोकळा काळ मिळाला आणि तो संपेचना! फडक्यांची एक कादंबरी आणि हे पुस्तक लागोपाठ वाचले की एकाच रस्त्यावरच्या समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून पाहिल्यासारखे होते.

वि. स. खांडेकर माझ्या मनाला अधिक जवळचे, कारण ते हाडाचे शाळामास्तर. १९२० पासून १९३८ पर्यंत त्यांनी शिरोड्याच्या शाळेत शिकविले. 'दोन ध्रुव', 'उल्का' ह्या कादंबऱ्या, दोन्ही १९३४ सालच्या, त्याच काळातल्या. त्यांच्या प्रेमात त्याग फार आणि उपमा त्याहून फार, हे टीकाकारांचे म्हणणे मला मान्य आहे. पण प्रेमात पडलेल्या माणसाने शेजारच्या उपाशी माणसाकडेही पाहावे, हा त्यांचा आग्रह वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाचा आहे आणि तो मला पटतो.

ह्या सगळ्यांत एकच कादंबरी अशी, की जी मांडवापर्यंत पोचतच नाही. विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ सालची. युरोपातून परतणारी बोट. एक हिंदी तरुण आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हेर्टा. बोटीवरचे ते थोडे दिवस, तेवढाच त्यांचा मोकळा काळ. मुंबई आली की तो उतरणार आणि ती पुढे जाणार. राजकारण, वंशद्वेष, युद्धाची चाहूल हे सारे त्या दोघांच्या मधे येऊन उभे राहते. हे पातळसे पुस्तक संपले त्या रात्री मला झोप लागली नाही. विशेष असे, की ह्याच बेडेकरांशी १९३८ साली मालतीबाईंचे लग्न झाले होते. निःश्वासांची लेखिका आणि रणांगणाचा लेखक एका घरात! बेडेकरांचे आत्मचरित्र, 'एक झाड आणि दोन पक्षी', १९८४ साली आले. तेही जरूर वाचावे.

मोकळा काळ प्रत्यक्षात कसा असे, ह्याचाही एक पुरावा आहे. कवी अनिल आणि कुसुमावती ह्यांचे लग्न १९२९ साली झाले. त्याआधीची त्या दोघांची पत्रे 'कुसुमानिल' ह्या नावाने १९७२ साली छापली गेली. तोवर कुसुमावतींना जाऊन अकरा वर्षे झाली होती. कादंबरीतले संवाद ह्या पत्रांपुढे मला कागदी फुलांसारखे वाटले.

स्वातंत्र्यानंतर प्रेमाची कादंबरी घरोघर गेली. गल्लोगल्ली भाड्याने पुस्तके देणारी दुकाने निघाली. योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, शकुंतला गोगटे ह्यांची पुस्तके बायका दुपारच्या निवांत वेळी वाचीत, आणि चंद्रकांत काकोडकरांची उशीखाली लपवून. ह्या काकोडकरांचीही एक हकीकत आहे, आणि ती दिवाळी अंकाच्या वाचकाने ऐकावी अशीच आहे. 'रंभा' मासिकाच्या १९६२ सालच्या दिवाळी अंकात त्यांची 'शामा' ही गोष्ट आली. ती अश्लील आहे म्हणून खटला झाला. मुंबई हायकोर्टाने त्यांना दोषी धरले. प्रकरण थेट दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ साली लेखक निर्दोष सुटला. म्हणजे देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायाधीशांना एका मराठी दिवाळी अंकातल्या प्रेमकथेचा विचार करीत बसावे लागले! प्रेमाची गोष्ट किती सांगावी आणि कुठवर सांगावी, हा आपल्याकडे एवढा गंभीर प्रश्न आहे.

*

ह्यानंतर आठवणींचा सूर बदलला. १९७० साली नटी हंसा वाडकर ह्यांचे 'सांगत्ये ऐका' आले. तमाशापटातली लोकांची लाडकी नायिका, पण घरी तिची मिळकत आणि तिचे आयुष्य दोन्ही दुसऱ्यांच्या ताब्यात. १९९० साली सुनीता देशपांडे ह्यांचे 'आहे मनोहर तरी' आले. पु. ल. देशपांडे ह्यांच्याशी त्यांनी १९४६ साली आपण होऊन नोंदणी पद्धतीने लग्न केले होते. म्हणजे मोकळा काळ मिळालेल्या, स्वतः निवड केलेल्या बाईचे हे पुस्तक. साऱ्या महाराष्ट्राला हसविणाऱ्या माणसाच्या घरात, घराचा भार कोणी वाहिला आणि तो कोणाच्या लक्षातही कसा आला नाही, हे त्या लिहितात. तेव्हा पुष्कळ वाचक रागावले, पु. लं.बद्दल असे लिहावे का, म्हणाले. मला ते पुस्तक प्रेमाचेच वाटले. परक्या माणसाचा इतका बारीक हिशेब कोणी ठेवीत नसते. रमाबाईंनी पाटी खाली ठेवून भांडावे असे मला वाटत होते ना? ऐंशी वर्षांनी ते भांडण झाले.

पण माझ्या पावसाळी वाचनातले सर्वांत जड पुस्तक सांगायचे राहिले. बेबी कांबळे ह्यांचे 'जिणं आमुचं', १९८६ साली छापलेले. महारवाड्यातल्या आठ-नऊ वर्षांच्या सुना, रात्री उठून दळणे, सासूचा जाच, नवऱ्याचा मार. आणि त्याच अंधारात बाबासाहेबांच्या शब्दाने पेटलेली जिद्द. बेबीताई फलटणला लहानसे दुकान चालवीत. माल बांधायला आणलेल्या रद्दीतली वर्तमानपत्रे त्या वाचीत. आणि लिहीत त्या नवऱ्यापासून लपवून, एकदोन नव्हे, पुष्कळ वर्षे लपवून. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिले. रमाबाईंच्या हाती नवऱ्याने पाटी दिली, ही आपण कौतुकाने सांगण्याची गोष्ट. आणि त्यानंतर शंभर वर्षांनीही एका बाईला आपली वही नवऱ्याच्या नजरेआड ठेवावी लागली. प्रेमाचा इतिहास सांगताना दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. आपल्या मराठी मुलखात काळ सर्व घरांत एकाच वेळी पुढे सरकत नाही.

आणि हे जुने झाले असे समजून कोणी फराळाकडे वळू नये. १९७८ साली कायद्याने मुलीचे लग्नाचे वय अठरा झाले. तरी २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले, की महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी शेकडा सुमारे बावीस जणींची लग्ने अठराच्या आतच उरकली होती. मी मास्तरीण आहे. मला हा आकडा हजेरीपटावर दिसतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरते, मी नाव पुकारते, आणि एखाद्या नावाला उत्तर येत नाही. बाकीच्या मुली खाली पाहतात, की मी समजते. त्या मुलीपुरते अजून १८६८ सालच आहे. रिसबुडांना जो काळ सापडत नव्हता, तो तिलाही सापडला नाही.

म्हणून पालक जेव्हा मला विचारतात, "बाई, आमची मुलगी ह्या प्रेमाच्या कादंबऱ्या वाचते, काय करावे?" तेव्हा मी सांगते, वाचू द्या. जी मुलगी कादंबरी वाचते आहे, तिला तो मोकळा काळ मिळाला आहे, आणि तो मिळविण्यासाठी रखमाबाईपासून किती तरी जणींनी किंमत मोजली आहे. कादंबरी काढून घेऊ नका. तिच्या शेजारी आठवणींचे एक पुस्तक ठेवा. फडक्यांच्या जवळ शिरूरकर, 'रणांगणा'च्या जवळ 'कुसुमानिल', 'पण लक्षात कोण घेतो!'च्या जवळ 'जिणं आमुचं'. आणि मुलाच्याही हाती द्या. मांडवात तोही उभा राहणार आहे.

भाऊबिजेला माहेरवाशिणी येतील. त्यांच्या परतीच्या पिशवीत चकलीचा डबा जातोच. त्यावर एक कादंबरी आणि एक आठवणींचे पुस्तक बसते. एकच घेणे जमत असेल तर 'स्मृतिचित्रे' घ्यावे. जावईबापूंनीही ते वाचायला हरकत नाही. हसू त्यांनाही येईल, आणि कुठे कुठे थोडे चुकल्यासारखेही वाटेल.